चहाच्या शॉर्टब्रेड कुकीज : चहा बटरमध्ये कसा उतरवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे : अर्ल ग्रे चहा (बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा सुगंध दिलेला काळा चहा) घालून घरी शॉर्टब्रेड केली. भाजताना घरभर सुगंध सुटला, पण खाताना चहा जेमतेम जाणवला आणि दाताखाली पत्तीची कचकच आली. पुढच्या वेळी पत्तीऐवजी कडक चहाचे पाणी घातले, तर कुकी पसरली, वातड झाली आणि चहाची चव आणखीच कमी लागली. चव नीट उतरेल आणि कुकी खुसखुशीतही राहील, यासाठी प्रमाण आणि कृती काय?

दोन्ही वेळची अडचण एकाच मुळाशी जाते. शॉर्टब्रेडमध्ये अंडे नसते, दूध नसते, वेगळे पाणी नसते. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असते, तेवढेच काय ते. १५० ग्रॅम बटरमागे सुमारे २४ ग्रॅम, आणि तेही मैदा लगेच पिऊन टाकतो. कपातला चहा पाण्यात उतरतो. इथे त्याला उतरायला जागा आहे ती बटरच्या स्निग्धांशात. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. चहाला फुलांसारखा वास देणारी लिनालूल आणि जिरॅनिऑल ही द्रव्ये, अर्ल ग्रेमधल्या बर्गमॉट तेलातली लिमोनीन आणि लिनालिल ॲसिटेट, ही सगळी स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात. तुरटपणा आणणारी पॉलिफेनॉल्स मात्र पाण्यात विरघळणारी आहेत, ती बटरमध्ये फारशी जात नाहीत. म्हणजे बटरमध्ये नीट मुरवलेला चहा सुगंध देतो आणि तुरटपणा बराचसा मागे ठेवतो.

चहाचे पाणी का फसले, तेही आकड्यांत पाहा. दोन ग्रॅम पत्ती २०० मिली पाण्यात चांगली उकळली तर पत्तीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो, म्हणजे ०.७ ग्रॅमच्या आसपास. त्यातला एक मोठा चमचा, १५ मिली, पिठात घातला तर चहाचा अंश पडतो जेमतेम ०.०५ ग्रॅम. पाणी दुप्पट-तिप्पट कडक केले तरी हा आकडा ०.१५ ग्रॅमच्या आसपासच थांबतो. कोरडी पत्ती मात्र आपण ७ ग्रॅम घालतो. शिवाय त्या एका चमच्याने पिठातले एकूण पाणी ६० टक्क्यांनी वाढले. बटर मैद्याच्या कणांना वेढून मोहनाचे काम करत असते, पाणी त्याच्या उलट जाते : मैद्यातली प्रथिने ओली झाली की ग्लुटेन तयार होते, आणि कुकी भुरभुरीत होण्याऐवजी चिवट होते. तेव्हा पिठात चहाचे पाणी घालणे बंद. पीठ एकत्र येत नसेल तरीसुद्धा.

आणि घरभर सुटलेला सुगंध? तो कुकीतून निघून गेलेला सुगंध होता. भाजताना थोडा जाणारच, पण तो किती जाऊ द्यायचा हे आपल्या हातात आहे : पत्ती बारीक करून ती बटरमध्ये वेळेवर मिसळणे, तापमान कमी ठेवणे, आणि जास्त न भाजणे.

प्रमाण

शॉर्टब्रेडचे जुने स्कॉटिश प्रमाण वजनाने १ भाग साखर, २ भाग बटर, ३ भाग पीठ असे आहे. चहाच्या कुकीसाठीही ते बदलण्याची गरज नाही. साधारण ३६ लहान कुकीजसाठी :

मैदा २०० ग्रॅम, तांदळाचे पीठ २५ ग्रॅम, बिनमिठाचे बटर १५० ग्रॅम, साधी दाणेदार साखर ७५ ग्रॅम (चहाबरोबर दळायची आहे), कोरडी चहापत्ती ७ ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा म्हणजे सुमारे १.५ ग्रॅम.

तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसते. त्याने कुकी जास्त रवाळ होते आणि कडाही नीट राहतात. नसेल तर कॉर्नफ्लोअर चालेल, पण मग कुकी रवाळ होण्यापेक्षा तोंडात विरघळणारी, मऊसर होते. दोन्ही नको असतील तर सगळा २२५ ग्रॅम मैदा घ्या, काही बिघडत नाही.

मीठ वगळू नका. चहाची चव पुढे आणण्यात साखरेपेक्षा मिठाचा वाटा मोठा असतो. मिठाचे बटर असेल तर १५० ग्रॅममध्ये बहुधा २ ते ३ ग्रॅम मीठ आधीच असते, मग वरून काही घालायचे नाही.

हे सगळे वजनकाट्यावर मोजा, असा माझा आग्रह आहे. २४० मिलीच्या कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२५ ग्रॅम भरतो, दाबून भरला तर १५०. दोन कपांत ५० ग्रॅमचा फरक पडला की तीच कृती एकदा पसरते आणि एकदा कोरडी पडते, आणि दोष मात्र चहाला दिला जातो. चहाबाबतही तेच. बारीक पूड केलेला चहा छोट्या चमच्यात सुमारे २ ग्रॅम बसतो, पण मोठ्या पानांचा चहा त्याच चमच्यात निम्माही बसत नाही.

व्हॅनिला यात घालू नये, या मताचा मी आहे. व्हॅनिलाने कुकीचा वास 'बिस्किटासारखा' होतो आणि चहाची बारीक छटा झाकली जाते. बेकिंग पावडर आणि सोडाही नको. फुगल्यामुळे कडा बिघडतात, पोत कोरडा होतो, आणि सोड्याच्या अल्कलीने काळ्या चहाचा रंग मळकट होऊन चवीत साबणासारखी छटा येते.

कोणता चहा घ्यावा

इथे थोडा वेळ काढा, कारण अर्धे यश निवडीत आहे. कपात उत्तम लागणारा चहा कुकीत उत्तम लागेलच असे नाही. बटर, साखर आणि उष्णता या तिघांना पुरून उरेल असा चहा हवा.

अर्ल ग्रे हा सगळ्यात खात्रीचा. बर्गमॉट हे मुख्यतः इटलीतल्या कालाब्रिया भागात होणारे लिंबूवर्गीय फळ. त्याच्या सालीचे तेल पत्तीला लावलेले असते, आणि तेलाला बटरमध्ये जायला फार वेळ लागत नाही. फक्त पाकीट उघडून वास घ्या : तो नाकात भरला पाहिजे. उघडे राहिलेले, वर्षभर जुने पाकीट असेल तर तेल उडून गेलेले असते आणि मग ७ काय, १२ ग्रॅम घातले तरी नुसता रंग येतो. अर्ध्या लिंबाची किंवा संत्र्याची किसलेली साल साखरेत चोळून घातली तर बर्गमॉटला चांगला आधार मिळतो. सालीखालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो.

आसामसारखा कडक काळा चहा कुकीत दमदार लागतो, पण त्याची चव तेलात नसून पानात असते. त्याची नुसती पूड घातली तर रंग आणि तुरटपणा आधी जाणवतो. अशा चहासाठी बटरमध्ये मुरवण्याची कृती खाली दिली आहे, ती वापरा. सीटीसी चहाचे दाणे म्हणजे गोळी वळून वाळवलेली पाने. ती कपात उकळत्या पाण्याने फुलतात, कुकीत पाणीच नसल्याने फुलत नाहीत आणि वाळूसारखी लागतात. सीटीसी वापरायचा तर पीठ होईपर्यंत दळा किंवा बटरमध्ये मुरवून गाळून टाका. यात १० ग्रॅम मैद्याऐवजी १० ग्रॅम दूध पावडर घातली तर दुधाच्या चहाची चव येते. दुधातले केसीन हे प्रथिन चहाच्या पॉलिफेनॉल्सना धरून ठेवते, त्यामुळे तुरटपणाही कमी होतो. मात्र दूध पावडरमुळे रंग लवकर चढतो, म्हणून भाजण्याची वेळ दोन मिनिटे आधी तपासायला लागा. वेलची आणि सुंठ घालायची असेल तर याच चहात : वेलचीदाण्यांची पूड अर्धा छोटा चमचा, सुंठ पाव चमचा. त्यापुढे गेलात तर ती मसाल्याची कुकी होईल, चहाची राहणार नाही.

होजिचा हा जपानी भाजका हिरवा चहा माझ्या मते शॉर्टब्रेडसाठी सर्वांत योग्य आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. तो आधीच भाजलेला असतो, त्यामुळे ओव्हनच्या उष्णतेने त्याचे फारसे नुकसान होत नाही. त्याचा खमंग वास बटरशी एकजीव होतो आणि तुरटपणा मुळातच कमी असतो. लॅपसांग सूचाँग हा पाइनच्या धुरावर वाळवलेला चिनी चहा घेतलात तर २ ते ३ ग्रॅमवर थांबा, पूर्ण ७ ग्रॅमला धुराचाच वास उरतो.

दार्जिलिंगचा पहिल्या तोडीचा चहा, पांढरा चहा, नाजूक ऊलाँग हे ओव्हनमध्ये घालू नका. त्यांची किंमत ज्या सुगंधासाठी आहे तोच आधी उडतो. ते कुकीबरोबर कपात प्यावेत. जास्मिन चहा अधलामधला आहे : कोमट बटरमध्ये मुरवला आणि कमी आचेवर भाजला तर सौम्य पण ओळखू येईल इतपत राहतो. रुइबॉस ही चहाची वनस्पती नव्हे आणि तिच्यात कॅफिन नसते, म्हणून लहान मुलांसाठी उपयोगी. तिच्या काड्या सुईसारख्या टणक असतात, त्यामुळे ८ ते ९ ग्रॅम घेऊन जास्त वेळ दळावी लागते आणि चाळणे चुकवून चालत नाही.

टी-बॅगमधला चहा कुकीसाठी कमी दर्जाचा समजू नका. त्यात बारीक चुरा असतो, जो कपात लवकर उतरावा म्हणून निवडलेला असतो, आणि आपल्यालाही बारीकच हवा आहे. एका बॅगेत साधारण २ ग्रॅम असतो, म्हणजे साडेतीन बॅगा. तरीही एकदा दळून घ्या.

दळणे आणि चाळणे

पत्ती एकटी दळू नका. सात ग्रॅम पत्ती मिक्सरच्या भांड्यात नुसती फिरत राहते, पात्याखाली येत नाही. ती ७५ ग्रॅम साखरेबरोबर चटणीच्या लहान भांड्यात घाला. साखरेचे दाणे पत्तीला घासून बारीक करतात आणि साखरही त्याच वेळी पिठीसाखर होते. सलग फिरवू नका. पाच-सहा सेकंदांचे सात-आठ झटके द्या, मध्ये भांडे हाताला गरम लागले तर थांबा, कारण गरम भांड्यातून पहिला सुगंध तिथेच उडतो. झाकण लगेच काढू नका. मिनिटभर धूळ खाली बसू द्या.

मग मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. वर राहिलेल्या काड्या आणि जाड कण पुन्हा दळा, त्यानंतरही राहिले तर टाकून द्या. दाताखाली येणारी कचकच इथे थांबते, पुढे तिच्यावर उपाय नाही. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर मिश्रण पिठासारखे लागले पाहिजे, रव्यासारखे नाही.

चहा किती वाढवता येईल? पिठाच्या वजनाच्या ३ टक्क्यांवर, म्हणजे या प्रमाणात ७ ग्रॅमवर, चव स्पष्ट असते. ४ टक्के म्हणजे ९ ग्रॅम ठळक. ५ टक्क्यांच्या पुढे मात्र जीभ कोरडी पडते आणि घास खडूसारखा लागतो, कारण इथे आपण चहा गाळून टाकत नाही, पानासकट खातो. चव कमी वाटली तर आधी चहाचा ताजेपणा, दळण्याची बारीकी आणि मीठ तपासा, प्रमाण शेवटी वाढवा.

कॅफिनचा हिशेबही याच आकड्यावरून निघतो. कोरड्या काळ्या चहात साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असते. ३ टक्के धरले तर ७ ग्रॅममध्ये सुमारे २१० मिलिग्रॅम, म्हणजे ३६ कुकीजमध्ये प्रत्येकी ६ मिलिग्रॅमच्या आसपास. सात-आठ कुकीज म्हणजे एक कप चहा. रात्री ज्यांची झोप उडते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

बटरमध्ये मुरवणे

कडक काळ्या चहासाठी आणि हिरव्या पानांच्या चहासाठी ही पायरी आहे. अर्ल ग्रे किंवा होजिचाला तिची गरज नाही. बर्गमॉटचे तेल तर उघड्या गरम बटरमध्ये वाया जाते.

बटर १५० ऐवजी १७० ग्रॅम घ्या, कारण पत्ती बटर पिते. मंद आचेवर वितळवा, उकळू देऊ नका. ६० ते ७० अंश सेल्सियस पुरेसे आहे : बोट लावले तर चटका बसेल, पण बुडबुडे येत नाहीत, अशी अवस्था. जास्मिन किंवा हिरव्या चहासाठी ५५ ते ६०. आच बंद करून ६ ग्रॅम न दळलेली पत्ती घाला, झाकण लावा आणि २० मिनिटे ठेवा. जास्त वेळ ठेवून सुगंध वाढत नाही, कडूपणा मात्र वाढतो. बारीक गाळणीने गाळा, चमच्याने पत्ती दाबून घ्या आणि बटर वजन करा. १५० ग्रॅमपेक्षा कमी भरले तर साधे बटर घालून वजन पूर्ण करा. हे वजन करणे बरेच जण वगळतात, आणि मग १५-२० ग्रॅम बटर कमी पडल्याने पीठ वळत नाही.

आता हे वितळलेले बटर फ्रिजमध्ये तसेच ठेवायचे नाही. तसे केले तर पाणी तळाशी, स्निग्धांश वर, असे दोन थर गोठतात आणि पोत रवाळ होतो. भांडे थंड पाण्यात बसवून ते सतत ढवळत राहा. पाच ते दहा मिनिटांत ते अपारदर्शक होते, दाट होते आणि मऊ मलमासारखे दिसू लागते. तेव्हा थांबा आणि साध्या मऊ बटरसारखेच वापरा. हा चहा बटरमध्ये उतरलेला असला तरी रंग आणि थोडा खमंगपणा यावा म्हणून साखरेबरोबर ३ ग्रॅम पत्ती दळून घालायची, ७ नाही.

पीठ मळणे (खरे तर न मळणे)

बटरचे तापमान १८ ते २० अंश असावे. बोट दाबल्यावर खळगा पडतो, पण बोट तेलकट चमकत नाही. बटर ३२ अंशांच्या पुढे वितळते, पण त्याआधी, २४-२५ अंशांनाच, ते इतके ढिले होते की कुकी आकार धरत नाही. हवा गरम असेल तर बटर फ्रिजमधून काढून लहान तुकडे करा आणि दहा मिनिटांतच कामाला लागा.

बटर, चहा-साखर आणि मीठ एक ते दीड मिनिट मिसळा. केकसारखे पांढरे आणि हलके होईपर्यंत फेटू नका. फेटल्याने हवा भरते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि कडा ढासळतात. मिश्रण एकसारखे ठिपकेदार दिसले की पुरे.

इथे एक पायरी माझ्याकडून : मैदा घालण्याआधी हे मिश्रण झाकून अर्धा तास बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये गेल्यावर स्निग्धांश घट्ट होतो आणि चहा त्यात उतरण्याचा वेग मंदावतो. मऊ बटरमध्ये अर्ध्या तासात जे होते ते फ्रिजमध्ये रात्रभर ठेवूनही तितके होत नाही. फार गरमी असेल तर पंधरा मिनिटांवर आटपा.

मग मैदा आणि तांदळाचे पीठ चाळून घाला आणि चमच्याने कापत कापत मिसळा. सुरुवातीला ते ब्रेडच्या चुऱ्यासारखे कोरडे दिसेल. घाबरून दूध-पाणी घालू नका. मुठीत दाबून पाहा : मुटका वळला आणि टिकला की पीठ तयार आहे. वळत नसेल तर हाताच्या उबेने अर्धा मिनिट दाबत राहा, बटर मऊ होईल आणि पीठ एकत्र येईल. तरीही नाही झाले तर मैदा जास्त पडला आहे. दहा ग्रॅम मऊ बटर घाला. कणकेसारखे तिंबायचे मात्र अजिबात नाही.

रोल, गारवा, काप

पिठाचे दोन भाग करा. प्रत्येकाचा ४ सेंमी व्यासाचा, साधारण १५ सेंमी लांब रोल बटर पेपरवर वळा. पहिल्यांदा वळताना आत पोकळी राहते, म्हणून एकदा घट्ट दाबून पुन्हा वळा. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा. वीस मिनिटांनी एकदा फिरवा, म्हणजे खालची बाजू चपटी होत नाही. हवा असेल तर कापण्याआधी रोल जाडसर साखरेत घोळवा, कडेला छान कुरकुरीतपणा येतो.

धारदार पातळ सुरीने ८ मिमी जाडीचे काप करा. पातळ, ५ मिमीचे काप कडेला करपतात आणि चहा कडू होतो. १२ मिमीचे आतून कच्चे राहतात. कापताना तुकडे पडत असतील तर रोल जास्त गार आहे, पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवा. सुरीला चिकटत असेल तर उलट. चार-पाच काप झाले की रोल पाव वळसा फिरवा. काप बटर पेपर घातलेल्या ट्रेवर २ सेंमी अंतराने मांडा आणि ओव्हन तापेपर्यंत ट्रे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. गरम ट्रेवर काप कधीही मांडू नका. दुसरी खेप भाजायची तर ट्रे पूर्ण थंड होऊ द्या. कृती बरोबर असूनही दुसरी खेप पसरते ती याच कारणाने.

लाटून साच्याने कापायचे असेल तर दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटा, पिठी भुरभुरवून नाही. किंवा सगळे पीठ २० सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये सारखे दाबा, काट्याने भोके पाडा आणि १५० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजा. जाडी सुमारे १ सेंमी येते. टिनमधून काढण्याआधी, गरम असतानाच, सुरीने काप पाडून ठेवा. थंड झाल्यावर कापायला गेलात तर चुरा होईल.

भाजणे

ओव्हन १६० अंशांवर किमान १५ मिनिटे आधी तापवा. पंखा चालू असेल तर १४५. ओटीजीमध्ये खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खोबणीत. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत १०-१५ अंशांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे, तेव्हा आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्यावा. १० मिनिटांनी ट्रे फिरवा. एकूण १६ ते २० मिनिटे लागतात.

चहाच्या कुकीत रंगावरून अंदाज फसतो, कारण पीठ आधीच तपकिरी असते. म्हणून एक कुकी उलटून तळ पाहा. तळ कडेला हलका सोनेरी आणि मध्ये फिकट, वरचा भाग कोरडा, चमक गेलेला : झाले. मधोमध बोट लावल्यावर अजून मऊ लागेल, ते ठीक आहे. बटर थंड होऊन घट्ट झाल्यावरच कुकी कडक होते. ट्रेवरच दहा मिनिटे ठेवा, मग जाळीवर काढा. कडक होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवणे, हे चहाची चव घालवण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत सुगंध जातो आणि करपट कडूपणा येतो.

नवीन चहा वापरत असाल तर आधी दोनच काप भाजून पाहा. पूर्ण थंड झाल्यावर चव घ्या, गरम कुकीत बटर आणि साखर चहावर मात करतात. रोल फ्रिजमध्ये असल्याने वेळ, तापमान किंवा जाडी बदलायला वाव राहतो.

माचाची वेगळी वाट

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड. तो दळायचा नसतो, दळलेलाच येतो. पण त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून ८ ग्रॅम माचा मैद्याबरोबर दोनदा चाळा. साखर यात पिठीच घ्या, नाहीतर दाणेदार साखर वेगळी दळा. समारंभाच्या चहासाठीचा महागडा माचा नको. स्वयंपाकासाठीचा थोडा कडवट माचा साखरेत टिकून राहतो. फक्त तो हिरवागार असावा, पिवळट पडलेला माचा भाजल्यावर गवतासारखा लागतो. उष्णतेने हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. म्हणून १५० अंश, १८ ते २० मिनिटे, आणि शेवटची सात-आठ मिनिटे वरून ॲल्युमिनियम फॉइल सैलसर टाका. कडेला सोनेरी रंग यायची वाट पाहिलीत तर हिरवा गेलाच. उजेडातही हा रंग उडतो, काचेच्या पारदर्शक बरणीपेक्षा डबा बरा.

बिघडले तर कुठे पाहायचे

कुकी पसरली : बटर ढिले होते, रोल पुरेसा गार नव्हता, जास्त फेटले, ट्रे गरम होता किंवा मैदा कमी पडला, बहुधा याच क्रमाने. साखर न दळता दाणेदार घातली तरी थोडी पसरते. तेलकट लागली : मिसळताना बटर वितळले होते, किंवा भाजणे अपुरे राहिले. कडक, दाताला झोंबणारी झाली : पीठ तिंबले गेले किंवा पाणी शिरले. कडू लागली : आधी तळ पाहा, तो गडद असेल तर दोष भाजण्याचा, फिकट असेल तर चहा जास्त किंवा बटर मुरवताना उकळले. तुरट लागली : चहा ५ टक्क्यांच्या पुढे गेला, किंवा सीटीसीची पूड पूर्ण प्रमाणात घातली. चव फिकी, पण पोत उत्तम : चहा जुना आहे, किंवा कुकी अजून गरम आहे.

चहाचे पाणी तुम्हाला वापरायचेच असेल तर त्याला वर जागा आहे. ६० ग्रॅम पिठीसाखरेत दोन छोटे चमचे अतिशय कडक चहा घालून दाटसर पाक करा आणि पूर्ण थंड झालेल्या कुकीवर रेघा ओढा. तिथे पाणी पिठाच्या संपर्कात येत नाही आणि भाजले न गेल्यामुळे चहाचा ताजा वास टिकतो. नाजूक चहासाठी हाच एक मार्ग मला पटतो.

कुकीज दुसऱ्या दिवशी अधिक चांगल्या लागतात, चव सारखी पसरते. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे खुसखुशीत राहतात, पण चहाचा सुगंध आठवड्यानंतर उतरायला लागतो. मसाल्यांच्या जवळ डबा ठेवू नका, बटर आजूबाजूचे वास पटकन ओढून घेते. जास्त दिवसांची सोय हवी असेल तर भाजलेल्या कुकीज साठवण्यापेक्षा कच्चा रोल साठवा : दुहेरी गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. फ्रीझरमधला रोल आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये आणून ठेवा आणि हवे तेवढेच काप भाजा.